हवालदाराची रुई

हवालदार उतारावर कधी सरळ चालला नाही.

लोणारच्या विवरात उतरायची वाट आमच्या गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. खालच्या देवळाला जाणारा माणूस नाकासमोर उतरतो. हा डावीकडे दहा पावलं जायचा, गुडघे वाकवून, मग कंबरेतून अंग फिरवायचा आणि उजवीकडे दहा पावलं. दोन्ही हातांत बाभळीच्या काठ्या. असा नागमोडी तळाला जायचा आणि वर येताना मात्र सरळ यायचा. कापसाच्या जिनीत पाळीवर जायच्या आधी रोज सकाळी हेच.

"काऊन हवालदार, साप चावला काय?" कोणी ना कोणी म्हणायचंच.

"चढायले दम लागते, उतरायले अक्कल," तो म्हणायचा. "तुह्याजवळ दमच हाय."

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही. हे मी कोणाकडून लिहवून घेतलेलं नाही, स्वतःच्या हातानं लिहितो आहे. ज्याला ऱ्हस्वदीर्घ बघायचं असेल त्यानं बघावं. माझ्या हातची चौकट चाळीस वर्षांनीही काटकोनात असते, मला तेवढं पुरे.

कागदावर हवालदाराचं नाव नामदेव. पण ते नाव पेन्शनच्या कागदाबाहेर कोणी वापरलं नाही. महाराष्ट्र नवा झाला त्याच्या पुढच्या-मागच्या साली तो फौज सोडून गावात आला. बायको आधीच गेलेली. एक पोरगी, ती वरवट बकालला दिलेली. गावाबाहेर कापसाची जिन होती, तिथं चौकीदार म्हणून लागला. उंच नव्हता. नाकाचा शेंडा भाजल्यासारखा काळा, आणि डाव्या पायाची दोन बोटं नव्हती.

"कुठं गेली?" मी एकदा विचारलं.

"वर ठेवून आलो. बर्फात वस्तू खराब होत नाही. जाईन तवा घेऊन येईन."

तो हसला नाही. मीही हसलो नाही. तो असं बोलायचा की हसावं का नको ते कळत नसे.

फौजेत तो काश्मिरात होता. तिथं जवानांना बर्फावरून पायाला फळ्या बांधून घसरायला शिकवतात. हा तिथं शिकला आणि पुढं शिकवणारा झाला. ऐकून गावात कोणाला खरं वाटलं नाही. तो त्या फळ्यांना 'स्की' म्हणायचा. गावात त्याचं 'इस्की' झालं, आणि इस्कीचं जे व्हायचं ते झालं.

"हवालदाराचा जीव इस्कीसाठी झुरून राह्यला म्हणते."

"मंग आणा ना मेहकराहून एखादी बाटली."

"देशी नाही चालत त्याले. काश्मिराचीच पाह्यजे."

दारूबंदीचे दिवस होते. एकदा तर फौजदारानं बोलावून विचारलं, घरी किती बाटल्या आहेत म्हणून. हवालदारानं त्याला चौकीतच टेबलाजवळ गुडघे वाकवून उभं राहून दाखवलं, दोन काठ्या मागितल्या, आणि कसं वळतात ते समजावलं. फौजदारानं चहा पाजून सोडून दिलं. गावात मात्र शेवटपर्यंत तो इस्कीवालाच राहिला. थेंबाला शिवत नव्हता.

बर्फ म्हटलं की आम्हाला काय माहीत? जत्रेतला गोळेवाला, भुश्यात गुंडाळलेली लादी. हवालदार त्यावर चिडायचा. जिनीच्या अंगणात सरकी काढलेल्या रुईचा ढीग असायचा. त्यातली मूठभर रुई तो उचलायचा आणि सांगायला लागायचा.

"बर्फाच्या जाती असतात, मिस्त्री, जवारीसारख्या. एक शिळं, त्याच्यावरून पाय सटकते आन् हाड मोडते. एक कुजकं, दुपारच्या उन्हातलं, त्याच्यात फळी फसते. एक काचेवानी. आन् एक ही." मग तळहातावरच्या रुईवर फुंकर मारायचा. "रुई. सुकी, ताजी, कंबरेएवढी. कोणाचं पाऊल नाही लागलेलं. तिच्यातून माणूस उतरते तं आवाज होत नाही. आपलाच आपल्याले येत नाही."

"मंग पडला तं?"

"पडत नाही. ज्याले पडायचं हाय त्यानं लादीवर जावं."

ते रुई हे नाव त्याचं एकट्याचं नव्हतं. तिघांचं होतं. एक हवालदार. दुसरा बच्चनसिंग, गढवालचा, याच्याबरोबरच शिकवणारा, आता त्याच्या गावी शेती करत होता. तिसरा रसूल, तिथलाच, गुलमर्गाच्या खालच्या गावात राहायचा, फौजेचं ओझं वाहायचा. हवालदार म्हणायचा, आम्हाला शाळेनं शिकवलं, रसूलला आईनं. तिघं हिंदीत रुईच म्हणत. फौज सुटताना तिघांनी ठरवलं होतं की एकदा आपल्यासाठी यायचं.

हे तो मला जिनीच्या दारात बसून बोलला होता. "दहाबारा वर्षं हुकमानं उतरलो. पाठीवर कधी बंदूक, कधी जखमी माणूस, मांगं शिकाऊ पोट्टे. एकदा बिनहुकमाचं उतरायचं हाय. बस." वरच्या चढाच्या पलीकडे एक खोलगट उतार आहे म्हणे, आपल्या विवरासारखाच गोल, तिकडे कोणी जात नाही. तिथं. आणि गुडघे अजून दोनतीन हिवाळे देतील, पुढं नाही, हेही त्यानं सांगितलं. गुडघ्यांवर तो तसा बोलायचा, जसा मी माझ्या पटाशीच्या धारेवर बोलतो.

दोन वर्षं तो ती सहल आखत होता. स्वस्तातली सहल. तिथं साहेबलोक हॉटेलात उतरतात आणि फळ्या भाड्यानं घेतात. हा रसूलच्या घरी गुरांच्या वर माळ्यावर झोपणार होता. मलकापूरहून तिसऱ्या वर्गानं निघायचं, भुसावळला गाडी बदलायची, पुढं दिल्ली, पठाणकोट, आणि तिथून बटाट्याच्या ट्रकवर. खायला घरच्या दशम्या, शेंगदाणे, गूळ. बूट फौजेचे होतेच. तीनतीनदा तेल पाजून कापडात बांधलेले.

गावातले दोघेतिघे म्हणाले, आम्हीही येतो, काश्मीर तरी पाहू. त्यानं त्यांना विवराच्या काठावर नेलं, तिरप्या उतारावर गुडघे वाकवून उभं केलं आणि म्हणाला, "आता मी तंबाखू मळून खाईस्तोवर हलू नका." पहिला अर्ध्या चिमटीत बसला. दुसरा म्हणाला, बायको बोलावून राह्यली. हवालदार म्हणाला, "ही शिकाऊ माणसाची सहल नाही. काश्मीर पाहाचं असंन तं कॅलेंडर घ्या."

अवघड गोष्ट एकच होती, दिवस कोणता धरायचा. रुई दोनतीन दिवस टिकते, मग ऊन आणि वारा तिची वाट लावतात. आणि इथून तिथं पोचायला पाचसहा दिवस. कोणी म्हणालं, घटमांडणीत विचार. अक्षय तृतीयेला आमच्या जिल्ह्यात घट मांडून पाऊसपाणी सांगतात, धान्याच्या दाण्यांवरून. तर दुसरा म्हणाला, "बर्फाचं धान्य कोणतं मांडावं बे? साबुदाणा?" त्यावर गाव महिनाभर हसलं.

हवालदारानं तोड काढली होती. तिकडे माघाच्या सुमारास मोठं पडायला लागलं की आठआठ दिवस पडतच राहतं. पहिल्या दिवशी रसूलनं दोघांना तार करायची. त्याच दिवशी निघालं तर पडणं थांबता थांबता माणूस दारात उभा. तारेत शब्द मोजून तीन. जास्तीचं नाव नाही, राम राम नाही. जिनीच्या मालकानं वीस दिवसांची रजा कबूल केली होती, बदली माणूस म्हणून मी बसायचं ठरलं.

फळ्या मी केल्या. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, पण जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केल्या असतील तर त्यानं पुढं यावं. तो म्हणाला, सागाच्या कर. मी म्हणालो, साग वाकत नाही, मोडतो. धामणीचं लाकूड आणलं, ज्याची कावडीची दांडी करतात, ओझ्याखाली वाकून परत उठणारं. गुळाच्या काहिलीत पाणी उकळून टोकं वाफवली आणि वर वळवली. मधे पोट किंचित उचललेलं ठेवलं. बच्चनसिंगच्या फळ्यांपेक्षा चार बोटं रुंद, कारण रुईत अरुंद फळी बुडते. इथपर्यंत आमचं जमलं.

मग तो म्हणाला, "तळाले उभी खाच पाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"खाच काऊन? लाकूड कमजोर होते."

"खाच नसली तं फळी सरळ जात नाही."

"मह्या रंद्याची फळी सरळच जाते."

"तू बर्फ पाह्यलं काय?"

"तू रंदा धरला काय?"

आठ दिवस आम्ही बोललो नाही. नवव्या दिवशी मी खाच पाडली, पण त्यानं सांगितली त्याच्या अर्धीच खोल. त्यानं अंगठा फिरवून पाहिलं आणि काही म्हणाला नाही. मग आम्ही जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण कढवून तळाला सात हात दिले. दिल्लीच्या गाडीत सात फुटी फळी मावेल का म्हणून मी मधे बिजागरी लावून देतो म्हणालो होतो. त्याला तो म्हणाला, "जोडाची फळी म्हणजे जोडाचा पाय." ते मात्र मी ऐकलं. फळ्या घोंगडीत गुंडाळून खांद्यावरून नेताना बाजारात कोणी विचारलं, "तिरडी कोणाची?" तो म्हणाला, "अजून ठरलं नाही."

तार आली ती पौष संपता संपता.

त्या दिवशी हवालदार साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेला होता, जाड घोंगडी घ्यायला. जुनी फळ्यांना गेली होती. त्याच्या जागी जिनीच्या दारात मी बसलो होतो. जाताना म्हणाला होता, "तार आली तं घेऊन ठेव."

हंगाम भरात होता. गाड्यांची रांग सडकेपर्यंत. मालक, दलाल, मापाडी, सगळे एकमेकांवर ओरडत होते. तारवाला आला, सायकल टेकवली आणि मोठ्यानं वाचलं, "नामदेव, जिन, लोणार. रुई ताजी जल्दी."

जिनीत नामदेव म्हटलं की एकच माणूस, नामदेवशेट, कापसाचे दलाल. दिवसातून चार तारा त्यांच्या यायच्या, अकोल्याच्या, खामगावच्या, सगळ्या रुईच्या. मी तार घेतली आणि दिवाणजीकडे नेऊन दिली. नामदेवशेट त्या आठवड्यात बाहेरगावी होते. दिवाणजीनं एक नजर टाकली, म्हणाला, "सगळ्यायले जल्दीच असते," आणि टेबलावरच्या कागद टोचायच्या सुळ्यात खोचून दिली.

हवालदाराच्या तोंडून रुई हा शब्द मी शंभरदा ऐकला होता. पण ज्या जागी मी बसलो होतो तिथून रुई दिसत होती. ढीगच्या ढीग, माझ्या डोळ्यांसमोर. दुसरं काही डोक्यात आलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. घोंगडी खांद्यावर. "तार?"

"नाही. जिनीची एक आल्ती, ते देल्ली पोचवून."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर वीसएक दिवस तो वाट पाहत राहिला. दशम्या करायचा, तीनचार दिवसांनी गाईला घालायचा, पुन्हा करायचा. सकाळी विवर उतरायचा, चढायचा. एक दिवस गार वारा सुटला, आमच्याकडे शेकोट्या पेटल्या. तो उत्तरेकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "तिकडं पडलं हाय, मिस्त्री. हा वारा तिकडूनच येते. रसूल तार काऊन करत नसंन?"

मी म्हणालो, "करंन."

मग बच्चनसिंगचं कार्ड आलं. हवालदारानंच मला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की मी तार मिळताच निघालो, वेळेवर पोचलो, रुई छातीएवढी होती. तुझ्यासाठी आम्ही दोघं त्या उतारावर गेलो नाही, पाच दिवस थांबलो. सहाव्या दिवशी ऊन पडलं. रुई बासी झाली. तू आला नाहीस.

कार्ड त्यानं खिशात ठेवलं. "तार तं केली म्हणते."

मला तेव्हा कळलं. गाडीचं चाक निखळून बाजूला पडावं आणि गाडी तिथंच उभी राहावी, तसं झालं. मी त्याला दिवाणजीच्या खोलीत नेलं. सुळ्यावर महिन्याचे कागद होते. ते वरून एकेक काढत गेलो. दिवाणजी म्हणाला, "अहो मिस्त्री, काय करून राह्यले?" खालून आठदहा कागदांच्या वर ती निघाली. मधोमध भोक पडलेली.

मी म्हणालो, "मी देल्ली होती. मले वाटलं रुई."

त्यानं वाचली. उजेडाकडे धरून भोकातून पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, "बरोबर हाय. रुईच होती."

मी माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, आजवर आली नाही. त्यानंही तिची वाट पाहिली नाही. तार घडी करून कार्डाबरोबर खिशात ठेवली आणि दारावरच्या स्टुलावर जाऊन बसला, कारण पाळी त्याची होती. मी घरी गेलो. त्या दिवशी एका बैलगाडीच्या जुवाचं काम होतं, ते केलं. ते चांगलं झालं.

पुढच्या हिवाळ्यासाठी त्यानं पुन्हा कार्डं टाकली. बच्चनसिंगचं उत्तर आलं, येतो. पण त्या पावसाळ्याच्या शेवटी लढाई लागली. तिकडचे रस्ते बंद झाले. रसूलचं गाव सरहद्दीच्या बाजूचं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षीही आलं नाही. मग बच्चनसिंगच्या मुलाचं कार्ड आलं, त्याचा कोपरा फाडलेला होता. अशी कार्डं कशाची असतात ते न वाचता कळतं.

हवालदार तरीही दर हिवाळ्यात फळ्या काढून उन्हात ठेवायचा, जवसाचं तेल द्यायचा. मी जायचो मदतीला. एका टोकाला तो, एका टोकाला मी. एकदा मी म्हणालो, "एकटाच जाऊन ये ना. गुडघे हायेत तवर."

"तार नाही ना," तो म्हणाला.

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला कळला असता. तार आल्याशिवाय तिकडे रुई आहे की नाही हे कळणार कसं, एवढाच त्याचा अर्थ होता. मी मान हलवली आणि तेलाचं फडकं पुढं सरकवलं.

चारपाच हिवाळे असे गेले. गुडघे त्यानं सांगितलं होतं तसेच वागले. विवराची फेरी अर्ध्यावर आली, मग काठावर. पुढं पोरीनं त्याला वरवट बकालला नेलं, तिथंच तो वारला. मला दोन महिन्यांनी कोणाच्या तरी तोंडून कळलं. फळ्या त्यानं जाताना माझ्याकडे टाकल्या होत्या. माझ्या घरात आढ्याला आहेत. पोरांनी एकदा त्यांची शिडी करा म्हटलं. मी म्हणालो, माझ्या मागं करा.

पण मला तो वरवट बकालला जाणारा आठवत नाही, एसटीच्या खिडकीतला. मला त्याच्या आधीच्या महिन्यातली एक सकाळ आठवते.

थंडी कडक पडली होती. मी काठाच्या बाजूला बोरीचं एक खोड पाहायला गेलो होतो. विवर दिसत नव्हतं. तळ्यावरून उठलेलं धुकं काठोकाठ भरलं होतं, सगळं पांढरं, गोल, सपाट. वर ऊन पडलेलं. इतकं भरलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

काठावर हवालदार उभा होता. पायात फौजेचे बूट, बुटांना फळ्या बांधलेल्या, हातात काठ्या. खालच्या अंगाला वाळलं कुसळी गवत होतं, दवानं ओलं.

"काय करून राह्यला बे हवालदार?"

त्यानं वळून पाहिलं नाही. "ताजी हाय," म्हणाला.

"धुकं हाय ते."

"हाव. मले माहीत हाय."

मग गुडघे वाकवले. मला वाटलं होतं वाकणार नाहीत. काठ्या टेकल्या आणि निघाला. डावीकडे लांब गेला, कंबरेतून फिरला, उजवीकडे लांब. फळ्या सरळ जात होत्या. मी पाडलेली खाच अर्धी होती, तरी सरळ जात होत्या. तिसऱ्या वळणाला धुकं त्याच्या गुडघ्याला लागलं, मग कंबरेला, मग छातीला. टोपी तेवढी दिसली, आणि तीही गेली.

मी काठावर उभा राहून कान देत होतो. गवत करकरलं नाही, काठी आपटली नाही, माणूस पडल्याचाही आवाज आला नाही.

अर्ध्या तासानं तो वर आला, सरळ वाटेनं, फळ्या खांद्यावर घेऊन. माझ्या बाजूनं जाताना थांबला.

"खाच थोडी उथळ हाय, मिस्त्री," म्हणाला, आणि पाळीवर गेला.